एव्हरेस्ट बेस कॅम्प की अन्नपूर्णा बेस कॅम्प? ठाणे-नवी मुंबईहून निघणाऱ्यांनी कसं ठरवावं

सह्याद्रीत काही पावसाळे काढले, माहुली झाला, कळसूबाई झाली, हरिश्चंद्रगडावर मुक्काम झाला, की ठाण्या-नवी मुंबईच्या ट्रेकर मंडळींच्या गप्पा नेपाळकडे वळतात. ईबीसी (एव्हरेस्ट बेस कॅम्प) करायचा की एबीसी (अन्नपूर्णा बेस कॅम्प)? उत्तर बहुतेक वेळा नावावरून दिलं जातं. एव्हरेस्टचं नाव मोठं, म्हणून ईबीसी. किंवा कुणीतरी सांगितलेलं असतं, की एबीसी सोपा, म्हणून एबीसी. दोन्ही कारणं कच्ची आहेत.

मला कुणी विचारलं तर मी क्रम उलटा लावतो. आधी रजा, मग उंची, मग महिना, मग गुडघे आणि सोबती, मग पैसे. आवड सर्वांत शेवटी. पहिल्या दोन गोष्टी जुळत नसतील तर आवडीला विचारून उपयोग नसतो.

आधी दोन्ही वाटा नीट समजून घ्या

ईबीसीची वाट लुक्लापासून सुरू होते, उंची २,८६० मीटर. तिथून थोडं उतरून फाकडिंग (२,६१०), मग नामचे बाजार (३,४४०), तेंगबोचे (३,८६०), दिंगबोचे (४,४१०), लोबुचे (४,९४०), गोरक्षेप (५,१६४) आणि शेवटी बेस कॅम्प, ५,३६४ मीटर. जाऊन-येऊन साधारण १३० किलोमीटर. लुक्लाला पोहोचायचं म्हणजे छोट्या विमानाने.

एबीसीचा तळ पोखरा. तिथून जीपने घांद्रुकच्या किंवा झिनूच्या बाजूला जायचं, मग छोमरोंग (२,१७०), सिनुवा, बांबू (२,३१०), दोभान (२,६००), हिमालय (२,९२०), देउराली (३,२३०), माछापुच्छ्रे बेस कॅम्प (३,७००) आणि अन्नपूर्णा बेस कॅम्प (४,१३०). हिमालय हे तिथल्या एका मुक्कामाचं नाव आहे, नकाशा बघून गोंधळू नका. हाताशी वेळ असेल तर घोरेपानी आणि पूनहिल (३,२१०) करून वळसा घेता येतो. दोन्हीकडे मुक्काम टी हाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या जेवण-मुक्कामाच्या घरांत, त्यामुळे तंबू आणि शिधा पाठीवर न्यायची गरज नाही.

पायरी पहिली: रजा मोजा, आणि प्रामाणिकपणे मोजा

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये किंवा बीकेसीत नोकरी करणाऱ्याचं गणित घेऊ. शनिवारी निघायचं आणि तिसऱ्या रविवारी परत यायचं, म्हणजे सोळा दिवस आणि दहा रजा. यात ईबीसी बसतो का? मांडून पाहा.

पहिला दिवस मुंबई ते काठमांडू. दुसरा परवाने, भाड्याची जॅकेटं, पैसे बदलणं यात जातो. तिसरा लुक्ला आणि फाकडिंग. चौथा नामचे, पाचवा नामचेतच विश्रांतीचा, सहावा तेंगबोचे, सातवा दिंगबोचे, आठवा पुन्हा विश्रांती, नववा लोबुचे, दहावा गोरक्षेप आणि बेस कॅम्प. अकराव्या दिवशी पहाटे काला पत्थर ही टेकडी आणि मग खाली फेरिचे गाव, बारावा नामचे, तेरावा लुक्ला, चौदावा परत काठमांडू. पंधरावा राखीव, सोळावा मुंबई.

कागदावर बसतो. पण राखीव दिवस एकच, आणि लुक्लाच्या विमानाचा भरवसा कुणी देऊ शकत नाही. तिथली धावपट्टी ५२७ मीटर लांबीची आणि चढाची. एका टोकाला डोंगर, दुसऱ्या टोकाला दरी. वैमानिकाला डोळ्यांनी धावपट्टी दिसली तरच विमान उतरतं. ढग खाली आले की उड्डाणं बंद, आणि असे दोन-तीन दिवस सलग येऊ शकतात. शिवाय गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीचशी विमानं काठमांडूहून न सुटता रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. काठमांडूहून तिथे जायला रस्त्याने चार-पाच तास लागतात, म्हणून मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजता गाडीत बसावं लागतं. ट्रेकची सुरुवातच जागरणाने होते.

म्हणून माझा हिशोब असा: ईबीसीला घरापासून घरापर्यंत अठरा दिवस हवेत, म्हणजे दोन-तीन राखीव. तेवढे मिळत नसतील तर या वर्षी ईबीसी सोडा. राखीव दिवस नसले की माणूस कुठला दिवस कापतो हे ठरलेलं आहे: नामचे किंवा दिंगबोचेचा विश्रांतीचा. नेमका तोच कापायचा नसतो.

विमान टाळून रस्त्याने सल्लेरीच्या बाजूला जाऊन तिथून पुढे जीप आणि चाल करत लुक्लाच्या वाटेला लागता येतं. त्यात दिवस वाढतात. ज्यांच्याकडे दिवस मुबलक आहेत त्यांना ती वाट चांगली. ज्यांच्याकडे आहेत ते बहुधा निवृत्त असतात, आणि त्यांच्या गुडघ्यांचा विचार पुढे येणारच आहे.

एबीसीचं गणित सुटसुटीत. शनिवारी मुंबई-काठमांडू-पोखरा, रविवारी जीप आणि छोमरोंग, सोमवारी दोभान, मंगळवारी देउराली, बुधवारी माछापुच्छ्रे बेस कॅम्प, गुरुवारी पहाटे एबीसी गाठून खाली बांबू, शुक्रवारी झिनू आणि पोखरा, शनिवारी काठमांडू, रविवारी घर. नऊ दिवस, पाच रजा. हे जमतं, पण दमछाक होते आणि एक विमान चुकलं की सोमवारचं ऑफिस गेलं. अकरा-बारा दिवस काढलेत तर ट्रेक निवांत होतो.

एबीसीची आणखी एक सोय फारसं कुणी लक्षात घेत नाही: तो पूर्ण रस्त्याने करता येतो. कल्याणहून गोरखपूरची गाडी पकडायची, गोरखपूरहून सोनौली, सीमा चालत ओलांडून भैरहवा, आणि तिथून पोखरासाठी बस. जाण्यायेण्यात मिळून चार दिवस वाढतात, पण विमानाच्या तिकिटाचे पैसे वाचतात. कॉलेजातल्या मुलांच्या गटाने हाच मार्ग धरावा. काठमांडू-पोखरा हा २०० किलोमीटरचा रस्ता मात्र कामं आणि दरडी यांमुळे अख्खा दिवस खातो. जमल्यास तो टप्पा विमानाने करा, पाऊण तासाच्या आत होतो.

पायरी दुसरी: उंचीचं गणित

ठाण्यात आपण समुद्रसपाटीला चिकटून राहतो. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रात त्याहून वर काही नाही. म्हणजे विरळ हवेचा सराव आपल्याकडे कुठेही होत नाही, कितीही गड केले तरी. ५,३६४ मीटरवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो, ४,१३० मीटरवर साधारण साठ टक्के.

इथे एक गैरसमज खोडावा लागेल. फिटनेस आणि उंचीचा त्रास यांचा संबंध फार कमी आहे. मॅरेथॉन धावणाऱ्याचं डोकं दिंगबोचेला ठणकू शकतं आणि त्याची पोट सुटलेली बायको किंवा मित्र मजेत चहा पीत बसलेले असू शकतात. उलट फिट माणूस भराभर चढतो, म्हणून जास्त अडचणीत येतो.

डॉक्टरमंडळींचा नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर रोजच्या झोपेची उंची ५०० मीटरपेक्षा फार वाढू द्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढायची. आता हा नियम दोन्ही वाटांना लावून पाहा, निकाल चक्रावणारा आहे.

ईबीसीत नामचेची उडी मोठी आहे, फाकडिंगहून ८३० मीटर, पण तिथे दोन रात्री काढतो. मग तेंगबोचेला ४२०, दिंगबोचेला ५५०, पुन्हा विश्रांती, लोबुचेला ५३०, गोरक्षेपला २२४. वाट उंच आहे, पण बेतशीर आहे.

एबीसीत देउरालीपर्यंत सगळं सुखाचं. तिथून बहुतेक गट एका दिवसात थेट एबीसी गाठतात, म्हणजे ३,२३० वरून ४,१३०, एकदम ९०० मीटर. ‘सोप्या’ ट्रेकमध्ये रात्री डोकं धरून बसलेली माणसं दिसतात ती यामुळे. उपाय फुकट आहे: मध्ये माछापुच्छ्रे बेस कॅम्पला एक रात्र काढा. मग ४७० आणि ४३० असे दोन सरळ टप्पे होतात. एजन्सीच्या कार्यक्रमपत्रिकेत हा मुक्काम नसेल तर घालायला सांगा. नाही म्हणाली तर एजन्सी बदला.

एबीसीचा खरा फायदा उतरणीत आहे. त्रास झाला तर दोन-तीन तासांत देउराली, आणि त्याच दिवशी आणखी खाली जाता येतं. गोरक्षेपहून तितकंच उतरायचं तर फेरिचेपर्यंत लांब पल्ला चालावा लागतो. पण फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र हंगामात सुरू असतं आणि तिथे उंचीच्या त्रासाबद्दल रोज दुपारी माहिती देतात. वाटेत असाल तर ऐका.

लक्षणं सोबतच्या प्रत्येकाला पाठ हवीत. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं असेल तर वर जायचं नाही, तिथेच थांबायचं. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, टाचेला पाऊल लावून सरळ रेषेत चालता येत नसेल, तर रात्र असो की पाऊस, ताबडतोब खाली उतरवायचं. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड प्रतिबंधासाठी देतात, सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी सावध राहावं आणि इतरांनीही आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर नक्कीच. आणि गोळी घेतली म्हणून लवकर चढायचा परवाना मिळत नाही.

पायरी तिसरी: महिना

ऑक्टोबर-नोव्हेंबर दोन्ही वाटांना उत्तम. दिवाळीची सुट्टी यात येते, म्हणून गर्दीही असते. गोरक्षेपला खोल्या मोजक्या, तिथे गाइडने आधी फोन करून ठेवणं गरजेचं.

मार्च-एप्रिलमध्ये एबीसीच्या खालच्या जंगलात लाली गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, फुललेला असतो. पण याच वाटेचा एक धोका हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला असतो: हिमालय ते माछापुच्छ्रे बेस कॅम्प या चिंचोळ्या घळीत वरून हिमकडे कोसळतात. जानेवारी २०२०मध्ये देउरालीजवळ अशाच हिमप्रपातात चार कोरियन ट्रेकर आणि तीन नेपाळी गेले. ताजा बर्फ भरपूर पडला असेल तर तिथल्या टी हाउसवाल्यांचं ऐका. ते थांब म्हणाले की थांबायचं, आणि हा टप्पा नेहमी सकाळी लवकर उरकायचा.

मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर माझं मत ईबीसीला. खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या परिसरात, सकाळी आकाश मोकळं असतं आणि बेस कॅम्पवर मोहिमांचे रंगीबेरंगी तंबू असतात. ऑक्टोबरात तिथे दगड, बर्फ आणि पताका एवढंच दिसतं. एबीसीत मेमध्ये दुपारी पाऊस किंवा गारा ठरलेल्या. जून ते सप्टेंबर दोन्ही विसरा. जळवा आणि दरडी आपल्याकडे पुरेशा आहेत.

पायरी चौथी: गुडघे आणि सोबती

लोक विचारतात, दोन्हींत अवघड कोणता? पायांना विचारलं तर उत्तर एबीसी येईल. त्या वाटेवर दगडी पायऱ्यांचा अंत नाही. छोमरोंगहून नदीपर्यंत उतरायचं आणि समोर सिनुवाला चढायचं, येताना तेच उलट. थकून परत येताना समोर दिसणारा छोमरोंगचा जिना बघून भल्याभल्यांची बोलती बंद होते. घोरेपानीमार्गे गेलात तर उलेरीच्या तीन हजारांहून जास्त पायऱ्या वेगळ्याच. ईबीसीत नामचेचा चढ आणि तेंगबोचेचा चढ सोडला तर वाट बरीचशी मातीची, हळूहळू चढणारी. तिथे दम काढते ती हवा, आणि सुक्या थंड हवेने लागणारा खोकला.

त्यामुळे साठीच्या पुढच्या आई-बाबांना घेऊन जाताना ‘कमी उंची म्हणून एबीसी’ इतकं सोपं नाही. गुडघे ठणठणीत, वेळ आहे, पण उंचीची भीती वाटते, तर एबीसी. गुडघे कुरकुरतात पण हृदय-फुप्फुसं चांगली आणि वीस दिवस हाताशी, तर मी खुंबूचा विचार करायला सांगेन. अगदी बेस कॅम्पपर्यंत नाही, तेंगबोचेपर्यंत. तिथूनही एव्हरेस्ट आणि अमा दब्लम दिसतात.

मुलांच्या बाबतीत मात्र एबीसीच. लहान मुलाला डोकं दुखतंय की कंटाळा आलाय हे त्याला नीट सांगता येत नाही, आणि पालकांना ओळखता येत नाही.

पायरी पाचवी: पैसे

मुंबई ते मुंबई धरलं तर ईबीसी साधारण दीडपट ते दुप्पट जातो. लुक्लाचं विमान आणि जास्त दिवस ही दोन कारणं. वर जाल तसे जेवणाचे, गरम पाण्याचे, मोबाइल चार्जिंगचे दर चढत जातात, कारण खुंबूत बराचसा माल याक आणि हमालांच्या पाठीवरून जातो. घासाघीस करू नका.

भारतीयांना परवाने स्वस्त पडतात. सार्क देशांच्या नागरिकांना अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचं शुल्क १,००० नेपाळी रुपये, इतरांना ३,०००. ईबीसीच्या वाटेवरच्या सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं १,५००, अधिक स्थानिक पालिकेचं वेगळं. निघण्याआधी दर ताजे तपासा. आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर बांधलेला आहे. रोख भरपूर ठेवा: ईबीसीत नामचेनंतर आणि एबीसीत पोखरानंतर एटीएमवर विसंबू नका. भारतीय नोटा न्यायच्या तर शंभराच्या न्या, त्या कुठे अडत नाहीत.

पायरी सहावी: डोळ्यांना काय हवंय

आता आवड. एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे वर जाऊन हिरमोड नको: एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. ते नुप्त्से आणि पश्चिम धारेच्या मागे दडतं. ते पाहायला काला पत्थरवर, म्हणजे ५,५०० मीटरच्या वर चढावं लागतं, तेही पहाटेच्या कडाक्यात. ईबीसीचं मोल वाटेत आहे: शेर्पांची गावं, तेंगबोचेचा मठ, थुक्लाच्या चढावरची गिर्यारोहकांची स्मारकं.

एबीसीत शेवटचा मुक्कामच बक्षीस. चहूबाजूंनी डोंगर: अन्नपूर्णा दक्षिण (७,२१९), हिउंचुली (६,४४१), ८,०९१ मीटरची मुख्य अन्नपूर्णा आणि पाठीमागे माछापुच्छ्रे (६,९९३), ज्याच्यावर चढाईला परवानगी नाही. १९५०मध्ये मोरीस एर्झोग आणि लुई लाशनाल मुख्य अन्नपूर्णेवर पोहोचले ते उत्तरेकडून. माणसाने गाठलेलं ते पहिलं आठ हजारी शिखर. २०२१मध्ये पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेचा संघही या शिखरावर पोहोचला.

शाकाहाऱ्यांसाठी जाता जाता: छोमरोंगच्या वर मांस न नेण्याची स्थानिक श्रद्धा आहे, तेव्हा तिथे सगळेच शाकाहारी. आणि घांद्रुकच्या बाजूला हिंदी बिनधास्त बोला. तिथल्या गुरुंग समाजाच्या घरांतले अनेक जण भारतीय सैन्यातून निवृत्त झालेले आहेत.

ठाण्यातच करायची तयारी

दोन्हीसाठी तीन ते चार महिने द्या. ऑक्टोबरचा ट्रेक असेल तर जूनमध्ये सुरुवात, म्हणजे पावसाळा पूर्ण हाताशी येतो. पावसात भिजून ओली सॅक घेऊन माहुली चढलात तर बूट, पोंचो आणि तुमचा स्वभाव, तिन्हींची परीक्षा होते.

एबीसीसाठी जिने हवेत. घोडबंदर रोडवरच्या टॉवरात राहणाऱ्यांच्या घरातच जिम आहे: लिफ्ट सोडा, आठवड्यातून तीन दिवस पाठीवर सात-आठ किलो घेऊन वीस-पंचवीस मजले चढा. उतरताना लिफ्ट घेऊ नका, कारण त्या वाटेवर मांड्या आणि गुडघे उतरणीतच बोलतात. टॉवर नसेल तर मुंब्रादेवीच्या पायऱ्या आहेत. ईबीसीसाठी लांब आणि सलग चाल हवी. शनिवारी येऊरचा रस्ता, रविवारी खारघर टेकडीवर फणसवाडी-चाफेवाडीपर्यंत, असे सलग दोन दिवस चाला. दुसऱ्या दिवशीच्या थकलेल्या पायांनी चालणं हाच खरा सराव. महिन्यातून एकदा कळसूबाई किंवा माहुली पूर्ण सॅकसह.

बूट निघायच्या आदल्या आठवड्यात घेऊ नका. जाड डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूच्या ठमेलमध्ये किंवा पोखराच्या लेकसाइडला भाड्याने मिळतात. ठाण्यात ती पुन्हा कधी वापरणार? बूट, मोजे आणि काठ्या मात्र स्वतःच्याच. लुक्लाच्या विमानात सामानाला साधारण १५ किलोची मर्यादा असते, चिवड्याचे डबे त्यात धरून.

ठरलं की कामं या क्रमाने

ओळखपत्र पहिलं. विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसांना आधार कार्ड चालत नाही, आणि यामुळे विमानतळावरून परत फिरलेली माणसं दर वर्षी असतात. गटातल्या प्रत्येकाच्या कार्डाचा फोटो आधी मागवून घ्या.

मग विमा. घरचा मेडिक्लेम नेपाळात सहसा कामाचा नसतो. पॉलिसीत ट्रेकिंगची उंची लिहिलेली हवी: एबीसीला ४,५०० मीटरपर्यंतची पुरते, ईबीसीला ६,००० पर्यंतची घ्या. हेलिकॉप्टरने सोडवणूक समाविष्ट आहे का ते वाचा, कारण तो खर्च काही हजार डॉलरांत जातो. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार २०१८मध्ये नेपाळ सरकारच्याच चौकशीत उघड झाले होते. म्हणून विमा कंपनीचा नंबर स्वतःकडेही ठेवा.

नंतर गाइड. एप्रिल २०२३पासून नेपाळने परदेशी ट्रेकरांना गाइड सक्तीचा केला, खुंबूच्या पालिकेने मात्र तो आपल्याकडे लागू केला नाही. नियम काहीही असो, पहिल्या वेळी गाइड घ्याच, आणि दोघांत एक पोर्टर. पोर्टरच्या पाठीवर वीस किलोच्या वर ओझं देऊ नका आणि त्याचा विमा आहे का, हे एजन्सीला विचारा.

मुंबई-काठमांडूचं तिकीट सर्वांत शेवटी काढा. ईबीसी असेल तर परतीचं तिकीट तारीख बदलता येणारंच घ्या, थोडे पैसे जास्त पडले तरी. लुक्लाला अडकून पडलात, तर स्वस्तातलं तिकीट वाया जाईल आणि नवं काढताना मूळ भाड्याच्या दुप्पट मोजावे लागतील.